सुटल्यावर

आल्बुकर्क, पहाटेचे चार.
खालचं सिलिकॉन गॅसने खाऊन टाकलं
आणि कार्बनची पट्टी मोकळी झाली,
केसाच्या हजाराव्या भागाइतकी जाड.
लगेच वर वळली,
विस्तवावर धरलेल्या पापडासारखी.

"कोणी हात लावला नाही तिला,"
लोरेटा म्हणाली, भिंगावरचा डोळा न काढता.
"हा ताण थर बसतानाचाच.
चिकटून होती तोवर दिसला नाही."

दुसरी चकती आधी भट्टीत. सहाशे अंश, दहा मिनिटं.
ही सुटली ती सपाट.
सुईने दाबली, वाकली;
सुई उचलली, होती तिथे आली.
दर वेळी भार जरासा वाढवत
सत्तावीस वेळा.
अठ्ठाविसाव्याला तुटली, आवाज न करता.

मी वहीत आकडा लिहिला.
लोरेटाने हातमोजे काढून टेबलावर टाकले,
बोटं अजून वाकलेलीच त्यांची.