शून्याची फांदी

आमच्या फ्योर्डात झाडं नाहीत.
चर्चमागे तीन बर्च आहेत, कमरेएवढे,
वारा त्यांना अधूनमधून विचारतो, अजून आहात का.
म्हणून संस्थेच्या सभेत स्वानहिल्दूरनं
फळ्यावर झाड काढायला घेतलं तेव्हा
अध्यक्ष ब्यार्टमार हसले.
मी इतिवृत्तात हसणं लिहिलं नाही.

झाड आडवं होतं. मूळ डावीकडे,
पानं उजवीकडे, आणि पानांच्या जागी आकडे.
चौकोन असेल तिथे आपण ठरवायचं, ती म्हणाली,
वर्तुळ असेल तिथे जमीन ठरवते.
चौकोनाशी हवं तेवढं भांडा.

पहिला चौकोन : चाचणीची विहीर. चाळीस कोटी क्रोना.
मग वर्तुळ : दीड किलोमीटर खाली वाफ आहे का?
दहापैकी तीन वेळा हो. सात वेळा नाही.
असेल तर पुन्हा चौकोन, वीजघर,
आणखी तीनशे घालायचे, पाचशे परत येतील.
नसेल तर एक आखूड फांदी,
टोकाला शून्य.

आता उलटं वाचा, पानांकडून मुळाकडे.
खडू डावीकडे सरकत आला :
दोनशेचे तीन दशांश, साठ.
साठातून चाळीस गेले, वीस.
"विसासाठी एवढं झाड?"
थोरोद्दूर, मागच्या बाकावरून.
त्याच्या बापानं याच खोऱ्यात तीन उन्हाळे
एकच भोक खणलं होतं,
कारण आता थांबलो तर आधीचं वाया.
बुडत्याचा पाय खोलात. इथे ड्रिलच खोलात.
आधी होडी गेली, मग घर.

स्वानहिल्दूरनं अंगठ्यानं शून्याची फांदी झाकली.
"ही नाही असं धरा. वीजघरासकट सगळं आजच कबूल."
उणे एकशे नव्वद.
अंगठा काढला. अधिक वीस.
"म्हणजे थांबायची मुभा दोनशेदहा कोटींची आहे,
आणि टोकाला शून्य दिसतं म्हणून
तिच्याकडे कुणी बघत नाही."
हे वाक्य इतिवृत्तात शोभेना. खोडलं.
घरी जाऊन परत लिहिलं.
ठराव सात विरुद्ध दोन मंजूर.

ऑगस्ट. एकसष्टावा दिवस. चौदाशे ऐंशी मीटर.
एकाहत्तर अंश.
पोहायला बरं. वीज नाही.

रिगवरून थोरोद्दूरचा फोन :
रिग इथेच आहे, माणसं इथेच आहेत,
अजून दोनशे मीटर?
फोनमध्ये बराच वेळ नुसता वारा.
चाळीस गेले ते विसर, ती म्हणाली,
ते आता मुळाच्याही मागे आहेत,
पुढचंच मोज. आणि नव्या पाकिटाच्या पाठीवर
तिनं दोनशे मीटरचं छोटं झाड काढलं.
उणे आलं. तिनं परत काढलं. उणेच.
"बाप वरून शिव्या घालत असेल,"
थोरोद्दूर म्हणाला, आणि किल्ली स्वतःच फिरवली.

गावात चाळीस कोटी मातीत.
दुकानातली ग्रोआ सुटे पैसे
तिच्या हातावर देईना, काउंटरवर ठेवायची.
निर्णय बरोबर, निकाल वाईट,
याचा रकाना माझ्या वहीत नाही.
वाफ लागली असती तर हाच निर्णय
शहाणा ठरला असता,
एका अक्षराचाही फरक न होता.

ऑक्टोबरात रस्ता बंद व्हायच्या आधी
आम्ही दोघी खोऱ्यात गेलो, पावत्यांवर सह्या घ्यायला.
सगळीकडे बर्फ. टोपण घातलेल्या पाइपाभोवती
हातभर काळी, ओली जमीन,
आणि कळप गोळा करताना राहून गेलेली एक मेंढी
पाइपाला अंग टेकून उभी,
डोळे अर्धे मिटलेले.

स्वानहिल्दूरनं खिशात पेन्सिल चाचपली.
मग हात खिशातच राहू दिला.