छत्तिसावा

रास्ता पेठेत, दुसऱ्या मजल्यावर
दोन दारांच्या मधल्या भिंतीला
पिठाच्या गिरणीनं फुकट दिलेलं कॅलेंडर.
त्याच्यावर सेगुलाबाई अष्टमकर लाल पेनानं मोजतात
आणि मी, शांतवन रणभिसे, पेन्सिलीनं.

त्यांची मोजणी वल्हांडणाच्या दुसऱ्या रात्रीपासून,
माझी ईस्टरच्या सकाळपासून.
यंदा त्या दोन दिवस पुढे.
"दोनच दिवस नाही हो, दीड हजार वर्षं," असं त्या म्हणतात
आणि दुधाची पिशवी उचलतात.

मी पीएमटीत एकतीस वर्षं तिकिटं फाडली.
मोजणं माझ्या बोटांत आहे.
पण पन्नास दिवस रोज एक आकडा
नुसता तोंडानं म्हणायचा,
त्याचा हिशेब कुठल्याच डेपोत द्यायचा नाही,
हे मला या बाईंनी शिकवलं.

गुलामगिरीतून सुटलं की लगेच मोकळं होता येत नाही,
त्या सांगतात. मधे चालावं लागतं.
रोज किती चाललो ते म्हणावं लागतं.
मग डोंगर. मग कायदा.
आमच्याकडे त्याच पन्नासाव्या दिवशी वारा आला, जिभांना आग लागली
आणि घाबरून दार लावून बसलेली माणसं
रस्त्यावर येऊन बोलायला लागली.
"तुमच्याकडे सगळं जोरात," बाई म्हणतात.

एकतिसाव्याला त्या जिन्यात पडल्या.
रिक्षा, केईएम, खुब्याचं हाड.
मुलगा अश्दोदहून फोनवर,
"अंकल, मी तिकीट बघतोय."
छत्तिसाव्या संध्याकाळी त्या भुलीखाली होत्या.

मी घरी आलो. दिवेलागण होऊन गेली होती.
तीन चांदण्या दिसायला हव्यात म्हणून गच्चीत गेलो,
दोन दिसल्या, एक विमान निघालं,
थांबलो.
मग खाली येऊन जिन्यात, कॅलेंडरसमोर,
चपला काढून म्हणालो:
आज छत्तिसावा दिवस.
म्हणजे पाच आठवडे आणि एक.
वरच्या मजल्यावरच्या पोरानं विचारलं, "कशाचा?"

नऊ दिवसांनी वॉकर ठकठक करत त्या आल्या.
दार उघडण्याआधी भिंतीकडे पाहिलं.
"हा पेन्सिलीचा कोणाचा?"
माझा. तुमच्या वतीनं.
"मोठ्यानं म्हणालात?"
हो.
"हिब्रूत?"
मराठीत.
बराच वेळ त्या त्या आकड्याकडे बघत राहिल्या.
"चालत नाही," म्हणाल्या. "ज्याचं त्यानंच मोजायचं असतं.
एक दिवस सुटला की पुढे आकडा म्हणायचा,
पण आशीर्वाद म्हणायचा नाही."
मी म्हटलं, खोडरबर आणू?
"राहू द्या."

उरलेल्या संध्याकाळी त्यांनी दार उघडं ठेवलं
आणि आशीर्वादाशिवाय मोजलं,
नुसता आकडा. कोरडी भाकरी खावी तसा.
एकदा अडखळल्या, तर मी माझ्या उंबऱ्यावरून पुढचा दिला.
त्यांनी घेतला.

त्यांचा सण गुरुवारी रात्री लागला.
लाल देवळापर्यंत जाणं शक्य नव्हतं.
दुधाचंच खायचं असतं म्हणून बसून शेवयांची खीर केली,
आणि ती सुनेनं सासूला न सोडल्याची गोष्ट
शेतातल्या सुगीसकट
मला वाचायला लावली. चष्मा सापडत नव्हता, म्हणे.
तो टीव्हीवर होता. मी बोललो नाही.

रविवारी चर्चमध्ये वाचन माझ्याकडे.
पार्थी, मेदी, एलामी...
दरवर्षी मी या गावांच्या नावांवर घसरतो,
फळीवर उभ्या कंडक्टरसारखा एकेक थांबा ओरडत जातो.
प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आलं, इथे पोचलो
आणि का कोण जाणे
जिन्यातलं ते पोरगं आठवलं: कशाचा?

खिरीचा डबा अजून माझ्याकडेच आहे.
रिकामा परत द्यायचा नसतो.
साखर नको, त्यांना चालत नाही.
शेवटी नाना पेठेत मधुमेहवाल्यांच्या दुकानात
जव मिळाले, पावशेर.
त्यांची मोजणी जवाच्या पेंढीपासून सुरू होते ना.

बघू, मुलगा तिकीट काढतोय म्हणतो,
एकाचं, की दोघांचं.
डबा घासून पालथा घातलाय.
वाळला की नेऊन देतो.