माहितीदाता क्रमांक सात

लेखकाचं नाव काढून टाकलंय,
गावाचंही.
'दोन नद्यांच्या संगमावरील एक गाव' एवढंच ठेवलंय,
ओळख पटू नये म्हणून.
जमिनीखाली पेवं, पेवांत हळद, वर संगम.
हरिपूर सोडून दुसरं काय असणार, सांगा.

परीक्षक दोन म्हणजे मी.
मुदत एकवीस दिवस, मानधन नाही,
पत्राच्या शेवटी आगाऊ आभार.
विश्रामबागेतल्या दोन खोल्यांत, पोरांचे पेपर तपासून झाले की
रात्री साडेदहानंतर मी शास्त्राची राखण करते.

माझ्या निबंधाला मागे चौदा महिने लागले
आणि उत्तर आलं दोन ओळींचं:
आमच्या वाचकांना यात रस नसावा.
तेव्हा ठरवलं, कुणाला दोन ओळींत मारायचं नाही.
निदान पानभर लिहायचं,
मग मारायचं.

यार्डात पूर्वी हळदीचा सौदा रुमालाखाली व्हायचा.
अडत्याची बोटं, व्यापाऱ्याची बोटं, वरून कापड.
किती धरली, कुठलं दाबलं, तिसऱ्याला पत्ता नाही,
शेवटी भाव तेवढा मोठ्यानं.
आमचंही तसंच. रुमाल जरा लांबलाय,
एक टोक माझ्या टेबलावर,
दुसरं कुठे ते संपादकाला माहीत.

निबंध बरा आहे.
पेवाच्या तोंडाशी प्राणवायू किती, तळाशी किती, नीट मोजलंय.
तक्ता तीन आणि आकृती चार जुळत नाहीत, लिहिलं.
नमुना अकरा जणांचा, लहान आहे, लिहिलं.
मग ओळ दोनशे चौदा.

माहितीदाता क्र. ७, पुरुष, वय ७८:
'आधी कंदील सोडायचा दोरीनं.
कंदील विझला तर माणूस सोडायचा नाही.
हळदीचा वास गोड येतो म्हणून हवा चांगली, असं नसतंय.'

मी खुर्ची मागे सरकवली.
हे मी जेवताना ऐकलंय,
बंबात पाणी तापताना ऐकलंय,
'तर'वर जोर देऊन, एक बोट वर करून.
आण्णांना जाऊन दोन वर्षं झाली.
म्हणजे त्याआधी कुणी पोरगं येऊन गेलं असणार,
मोबाइल समोर ठेवून बसलं असणार,
चहा तर पाजलाच असणार त्यांनी.
घरात बोलले नाहीत.

संपादकांना कळवलं,
माहितीदाता सात माझे वडील, मला मोकळं करा.
दुसऱ्या दिवशी उत्तर:
लेखक आपल्या परिचयाचे आहेत का? नसल्यास हितसंबंध उद्भवत नाही.
अहवाल शुक्रवारपर्यंत. आभार.

तर पुढे वाचलं.
पान एकोणीस.
'मुलाखतींत कोणत्याही दुर्घटनेची नोंद आढळली नाही.'

बाळगोंडा काका.
दिवाळी होऊन गेलेली, मी चौथीत.
कंदिलात रॉकेल भरायचं काम आण्णांकडं होतं.
कंदील कोनाड्यात राहिला,
गाडी भरायला उभी,
'किती वेळ लावतोयस' म्हणत काका उतरला.
आण्णा वर होते. दोरी हातात.

कात्रण नाही. पोलिसांत 'पाय घसरला',
खाली आजीचा अंगठा.
आमच्या घरात यावर कुणी बोललं नाही,
आणि अकरातल्या सातव्यानं त्या पोराला नियम सांगितला,
नियम कुठून आला ते नाही.

अहवालाला दोन चौकटी असतात.
एक लेखकासाठी, एक फक्त संपादकासाठी, गोपनीय.
पहिलीत लिहिलं:
पान १९. 'नोंद आढळली नाही' म्हणजे 'घडली नाही' नव्हे.
लेखकांनी वाक्य सुधारावं.
लेखक विचारतील, संदर्भ?
त्यांच्या जागी मीही विचारलं असतं.
शिफारस: किरकोळ दुरुस्तीसह स्वीकार.

दुसरी चौकट दोन वाजेपर्यंत तशीच उघडी होती.
पेवाचं तोंडही असंच आधी उघडून ठेवतात,
उतरण्याआधी, रात्रभर.
तळाशी कर्सर.
पेटत होता, विझत होता, पेटत होता.
आण्णांच्या नियमात यासाठी काही नव्हतं.