दर नव्वद मिनिटांनी

धंतोलीत, तिसऱ्या मजल्यावर,
वैरागडे मॅडमनी माझ्याच रिपोर्टच्या पाठीवर
एक डोकं काढलं,
आत एक लोंबता थेंब.
“ही पीयूषिका. वाटाण्याएवढी.
हिच्या वर बसलेला असतो एक जण,
तो दर नव्वद मिनिटांनी टिचकी मारतो.
टिचकी बसली की ही रक्तात दोन निरोप सोडते,
बीजकोशाच्या पत्त्यावर.”

“आणि टिचकीच नाही बसली तर?”

मॅडमनी कागद उलटा केला.
एलएच शून्य पूर्णांक आठ.

चौदा महिने.
ठवरे सर म्हणाले होते, कटकट गेली, बरंच झालं,
आता दोन किलो आणखी उतरव,
दहा हजार मीटर हवेत तरंगशील.
मी उतरवले.
रोज पहाटे अंबाझरीच्या पाळीवर धुक्यात धावले,
आणि पाळी हा शब्द
फक्त तलावापुरता उरला.

“मग सलाईनसारखं लावा ना काही, थेंब थेंब, अखंड.”
मॅडम हसल्या.
“अखंड दिलं तर ही ऐकणंच सोडते.
टिचकीइतकीच
मधली शांतता लागते हिला.
शरीरावर ताण आलाय, पोरी.”

ताण.
काटोलला बाबा डिसेंबरात संत्र्याचं पाणी तोडतात.
पानं मलूल होतात, माती भेगाळते,
मग आंबिया बहार फुटतो,
घमघमाट थेट स्टँडपर्यंत.
मी फोनवर विचारलं,
झाड ताणानं फुलतं, मग मी काहून नाही?

बराच वेळ नुसता मोटारीचा आवाज.
“तान देल्ला म्हंजे मंग पानीही द्या लागते ना वं.
तू आपलं पानी कधी सोडलं?”

आता फोनमध्ये गजर आहे, दर नव्वद मिनिटांनी.
वाजला की मूठभर शेंगदाणे, गूळ, असेल तर पोळी.
रात्री दोनला होस्टेलात मी अंधारात चावते,
खालच्या खाटेवरची मृण्मयी कूस बदलून म्हणते,
“उंदीर आहेस का?”

वर कुणीतरी बसलंय,
बोट उचलून, पण आखडतं.
पाहुणा बोलावण्याआधी
घरातल्या बाईनं पिठाचा डबा हलवून बघावा,
तसं.

हलव.
ऐक.
आज अर्धा आहे.