वजनकाट्याची पावती

कळंबोलीच्या वजनकाट्यावर
ट्रेलरच्या रांगेत माझी जीप.
काट्यावरचा पोरगा हसला, एवढंसं काय मोजायचं!

पावती आली: दोन हजार तीनशे साठ.
केबलची चार रिळं, दोन बॅटऱ्या,
भूजल शोधायच्या सळ्यांचं जुडगं, घण,
टपावरची स्टेपनी,
आणि मी.

चाराने भागलं. पाचशे नव्वद.
तुर्भ्याला मुकादमच्या दुकानात सांगितलं,
अठ्ठ्याण्णव नंबरचे द्या,
साडेसातशे उचलतो एकेक.

मुकादमने कानामागची पेन्सिल काढलीच नाही.
"बाई, भागाकार सपाट रस्त्यापुरता.
मुरबाडच्या पुढे चढ लागला
की पुढची दोघं आभाळ बघत बसतात,
सगळं मागच्यांच्या गळ्यात.
त्यातलं एक खड्ड्यावर अधांतरी राहिलं,
की उरलं एकच."

मग एकशे बारा?
"अकराशे वीस घेतो. पण बगल कडक त्याची.
गाडी रिकामी असली
तर दगडन्‌दगड तुमच्या कण्याला सांगेल.
हवा कमी ठेवा.
सोबत कोण असतं?"

विदुला असायची.
बॅटरीचं दुसरं टोक तिच्या हातात.
फेब्रुवारीपासून पुण्याला नोकरी, एसी ऑफिस.
चोपन्न किलो. डब्यासकट पंचावन्न.

"धरू का?"
आता पेन्सिल निघाली होती.

डाव्या सीटचा पट्टा अजून
तिच्याच मापाला अडकवलेला.

धरा, म्हटलं.
आणि जुन्या चारांचे किती देणार ते बोला.