रफू

त्याचं नाव मी घेणार नाही.
करारावर सही आहे माझी, सतरा पानी,
शेवटी : आराक्सी दावित्यान, शिवणकाम.
एवढंच सांगते, तो उडायचा
आणि उडायला त्याला केप लागायची.
ती मी शिवली, बर्बँकच्या एका गोदामात,
जिथे आधी गाद्या विकायचे.

पहिल्या सिनेमाला पैसे नव्हते.
गडद निळं कापड मी घासाघीस करून आणलं,
एकच केप होईल एवढं.
तिसऱ्या दिवशी ती खिळ्याला अडकली,
खांद्यापासून वीतभर फाटली.
निळा दोरा संपलेला. दुकानं बंद.
पर्समध्ये होता तो विटकरी,
नायिरीच्या शाळेच्या स्वेटरचा.
जनरेटरच्या उजेडात रफू केलं,
दिग्दर्शक शेजारी उभा, नखं खात.
म्हणाला, दिसतंय.
म्हटलं, दिसणारच.
बराच वेळ गप्प राहून म्हणाला,
दिसू दे.

मग तो सिनेमा चालला.
किती, ते आकडे मला कळत नाहीत.
गोदामात एसी आला
आणि मला पगारी रजा.

पैशाने काम नासतं असं कोणी सरसकट म्हणालं
की मी कात्री खाली ठेवते.
दुसरा सिनेमा पहिल्याहून चांगला होता.
वेळ मिळाला होता आम्हाला; वेळ विकतच घ्यावा लागतो.
लेखकाने एक अख्खा प्रसंग चारदा फाडून लिहिला,
ज्यात तो काहीच करत नाही,
नाणी टाकायच्या लाँड्रीत बसून
केप वाळायची वाट बघतो.

त्या सिनेमाला चाळीस केप.
चाळिसांवर चाळीस रफू,
विटकरी, वीतभर, फूटपट्टीने मोजून.
एकोणिसाव्या केपवर टाका जरा तिरका गेला
तर एक पोरगा टॅबलेट घेऊन आला, फार नम्र,
म्हणाला, मॅडम, हे मूळ रफूसारखं नाही.
मी उसवलं.
नायिरीच्या दातांच्या तारा त्याच पैशांतून आल्या,
हेही लिहून ठेवा.

तिसऱ्यात रफू छापील झालं.
चौथ्यात ते दप्तरांवर, मोज्यांवर,
टूथब्रशच्या दांडीवर.
बैठकीत कोणीतरी विचारलं म्हणे,
विटकरी रंग सगळ्या देशांत चालेल ना?

पाचव्यात केपच नव्हती.
नटाला घट्ट करडा पोशाख, त्यावर पांढरे ठिपके.
केप नंतर घालणार कॉम्प्युटरवर,
कुठल्याशा शहरात रात्री जागणारी पोरं.
ठिपके चिकटवायचं काम माझं.
पंखे सुरू झाले की नट सवयीने
हात मागे नेऊन
नसलेलं कापड आवरायचा.

पाचव्याने सगळ्यांत जास्त कमावलं.
सहाव्याने नाही.
का, ते मला विचारू नका.
पाचव्यापेक्षा वाईट नव्हता तो.
तेवढाच होता.

काल फोन आला.
खरी केप हवी, हाताने शिवलेली, रफूसकट,
लोकांना म्हणे तेच आठवतं.
किती? विचारलं.
एक.
आता सुईत दोरा नायिरी ओवून देते.
कापड इटलीहून आलंय, इतकं चिवट
की फाटता फाटत नाही.
मीच ब्लेड घेतलं, खांद्यापासून वीतभर,
आणि हात तिथेच थांबला.

पहिला सिनेमा मी ग्लेन्डेलला बघितला, तिकीट काढून,
दुपारचा खेळ, अर्ध्या खुर्च्या रिकाम्या.
पुढच्या रांगेत एका मुलाने आईचा दंड ओढला :
त्याचं फाटलेलं कोणी शिवून दिलं?
आई म्हणाली, असेल कोणीतरी त्याच्या घरी.
मी पॉपकॉर्न खात होते.
सुई टोचलेल्या बोटाला
मीठ झोंबत होतं.