लिहून देणार

खानापूरच्या सब-रजिस्ट्रार ऑफिससमोर
ओळीतलं तिसरं टेबल माझं.
सत्तावीस वर्षं लोकांच्या वाटण्या लिहितोय.
कन्नडात लिहायचं, मराठीत वाचून दाखवायचं.
ऐकणारे माना हलवतात,
भाऊ भावाकडे बघत नाहीत.

मे महिन्यात नंदगडची भाची आली, वैजू, अकरावीतली.
दिवसभर लॅपटॉपवर कुठल्याशा थंड मुलखाचं राज्य चालवते.
रात्री नाचण्याची भाकरी मोडता मोडता म्हणाली,
मामा, राजा म्हातारा झालाय. मुलगे तीन.
मी मेले की राज्याचे तुकडे होतील.

'मी मेले' म्हणाली, कारण त्या खेळात तसंच आहे :
राजा मेला की तुम्ही त्याचा थोरला मुलगा होता.
कालपर्यंत ज्यांना पोरं म्हणत होतात
ते आज भाऊ,
म्हणजे सावध राहायचं.

मी चष्मा पुसला. धंद्याची गोष्ट निघाली होती.
मृत्युपत्र?
चालत नाही.
हयातीतच बक्षीसपत्र केलं तर?
सगळं एकाला दिलं की बाकीचे बंड करतात.
मग करतात काय लोक?
मधल्याला मठात पाठवतात. धाकट्याला लढाईत सर्वांत पुढं.
आमच्याकडे गोव्याला पाठवतात, मी म्हटलं, हॉटेलात.

तेवढ्यात राजा गेला.
एका टिचकीत निळ्याचे तीन रंग झाले,
आणि कडेचा एक तालुका
(डोंगर, नदी, पडका किल्ला, कधीकाळी लग्नात आलेला)
कुणा मावशीच्या नवऱ्याच्या रंगात गेला.
तिथल्या माणसांना विचारलं कुणी?
त्यांना कळतही नाही मामा, ती कापणी करत राहतात.

मी काही बोललो नाही.
स्टँडवरच्या पाटीवर आमच्या गावाचं नाव
रंगाच्या किती थरांखाली आहे, मला माहीत आहे.

मग सवयीनं विचारून गेलो :
मुलीची सही कुठं आहे?
एक मुलगी होती राजाला. कोपऱ्यात गोल चित्र,
खाली लिहिलेलं, तिघांहून हुशार.
ह्या कायद्यात मुली येत नाहीत, वैजू म्हणाली.
येतात की! कधीच्याच येतात.
म्हणून तर हक्कसोडपत्र लागतं.

बोललो, आणि घास तिथंच राहिला.

लिहून घेणार : मी.
लिहून देणार : हिची आई.
पूर्वेस मलप्रभेला मिळणारा ओढा, पश्चिमेस काजूची बाग,
उत्तरेस गाडीवाट, दक्षिणेस घाडींचा बांध.
मोबदला : काही नाही, प्रेमापोटी.
अक्षर माझंच.
साहेब म्हणाले, अक्का, सही माडी.
तिनं पदराला बोट पुसलं, सही केली,
काय लिहिलंय ते विचारलंसुद्धा नाही.
वाचून दाखवायचं राहिलं त्या दिवशी.
गर्दी होती.

गर्दी नव्हती.

वैजूनं कायद्याचं पान उघडलं होतं.
बदलता येतो हा, म्हणाली,
पण आधी सरदार राजी व्हायला हवेत.
दोन कमी पडतायत.
कसं वळवतात त्यांना?
भेट पाठवून. नाहीतर धाक घालून.
नाहीतर ते मरेपर्यंत थांबायचं.
थांबते मी, घाई कुठं आहे!

तिनं वेग वाढवला. तारखा पळायला लागल्या,
पडद्यावर हिवाळा आला, गेला, पुन्हा आला.
मी तांब्या तिच्याकडे सरकवला.
वयं काय म्हणालीस त्या दोघांची?

एक ऐंशीचा आहे, खोकतोय.
दुसरा तुझ्याएवढा.